पहिलं वल्हं: खांदा आधी, कार्बन मागाहून

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची ५ फूट ५ इंच. सहा जणांच्या आउटरिगर कनूत (बाजूला तोल सांभाळणारा तरंगता ओंडका बांधलेल्या लांब, अरुंद होडीत) बसायला लागून तीन महिने झालेत. आतापर्यंत क्लबच्या कोपऱ्यात उभी असतात त्यातलं हाताला येईल ते वल्हं उचलून काम भागवलं. आता एक जुने सहकारी त्यांचं ५२ इंची, दोन बाकांचं (म्हणजे दोन ठिकाणी वाकवलेलं) कार्बन फायबरचं वल्हं विकायला काढताहेत. इकडे उजवा खांदा सरावानंतर दुखतो. वल्हं हलकं झालं तर दुखणं कमी होईल का, आणि हे घ्यावं का?

वरवर हा कार्बन की लाकूड असा प्रश्न वाटतो. मला तो तसा वाटत नाही. तुमच्या अंगाला बसेल ती लांबी किती, आणि सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांत तुम्हाला झेपेल ते पातं केवढं, एवढंच आधी ठरवायचं आहे. पहिल्या वीस मिनिटांचं मी विचारत नाही. ताज्या अंगाला कुठलंही वल्हं चालतं, आणि नेमकी तीच वेळ लोक वल्हं निवडायला वापरतात.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, अनुभवाने बोलते. १८ वर्षं वल्हवते आहे, त्यातली अर्धीअधिक नवख्यांना शिकवण्यात गेली. माझं स्वतःचं पहिलं वल्हं मात्र साफ चुकलं होतं. संघातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडे होतं तसंच मी घेतलं: लांब दांडा, रुंद पातं. पहिले दहा स्ट्रोक काय सुंदर लागले! पाणी हाताला घट्ट लागत होतं, होडी पुढे झेपावतेय असं वाटत होतं. पाऊण तासाने माझ्या पुढे बसलेल्या बाईंचं वल्हं पाण्याबाहेर निघून पुढे गेलेलं असायचं आणि माझं अजून कमरेच्या मागे अडकलेलं. लय पकडायला मी हात ओढत राहिले. दोन महिन्यांत खांदा इतका धरला की डोक्यावरून कपडे काढताना दुसऱ्याची मदत लागायची. तीन महिने घरी बसले. परत आले तेव्हा लोखंड कापायच्या करवतीने दांडा दोन इंच कापला, आणि वर्षभराने ते रुंद पातंही सोडलं.

पुढे जाण्याआधी शब्द एकसारखे करून घेऊ. वरच्या हाताने धरतो ती आडवी मूठ, तिच्याखाली दांडा, दांडा पात्याला मिळतो ती मान, आणि पाण्यात जातं ते पातं. तुम्ही ५२ इंच म्हणता ती लांबी मुठीच्या माथ्यापासून पात्याच्या टोकापर्यंतची. आकडा एकच असला तरी त्यात दोन लांब्या दडलेल्या असतात. पातं साधारण ४६ ते ५० सेंटिमीटर असतं आणि ते सगळंच्या सगळं बुडायचं असतं. खांद्याशी संबंध येतो तो उरलेल्या दांड्याचा. दोन ५० इंची वल्ही शेजारी ठेवली आणि त्यातल्या एकाचं पातं इंचभर आखूड निघालं, तर त्याचा दांडा इंचभर लांब झाला. कागदावर माप एक, पण हाताला वल्ही दोन निराळी.

आता तुमचं माप. कडक, सपाट खुर्चीवर ताठ बसा. गादीची खुर्ची नको, ती दोन-तीन सेंटिमीटर सहज खाते. बैठकीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्या, कारण स्वतः मोजताना माणूस नकळत मान वाकवतो. या मापात पात्याची लांबी मिळवा. माझं उदाहरण देते. उंची १७३ सेंटिमीटर, बैठक ते नाक ७८, पातं ४८. बेरीज १२६, म्हणजे साडेएकोणपन्नास इंचांच्या जरा वर. माझं रोजचं वल्हं साडेएकोणपन्नासच आहे. तुमच्या उंचीला हे माप बहुधा ४८ ते ४९ इंचांच्या आसपास येईल. बहुधा म्हणते, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचं धड लांब असतं तर दुसऱ्याचे पाय, आणि वल्हं धडावर ठरतं. म्हणून नुसत्या उंचीवरून लांबी सांगणारे तक्ते मी फारसे मनावर घेत नाही. हनुवटीपर्यंत मोजलं तर आखूड टोक मिळतं, डोळ्यांपर्यंत मोजलं तर लांब टोक. नाक ही मधली खूण.

खुर्चीवरचं माप ही सुरुवात आहे, निकाल पाण्यावर लागतो. होडी थांबलेली असताना पातं मानेपर्यंत बुडवा, दांडा उभा ठेवा, खालचा हात मानेच्या वर जिथे सहज बसतो तिथे धरा. वरची मूठ कपाळासमोर आली तर ठीक. डोक्याच्याही वर गेली तर दांडा लांब. हनुवटीच्या खाली आली, किंवा पातं पूर्ण बुडवायला कमरेतून बाजूला झुकावं लागलं, तर आखूड. मग होडी चालू असताना, सरावाच्या शेवटच्या टप्प्यात, कुणाला तरी किनाऱ्यावरून किंवा शेजारच्या होडीतून बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. दमलेल्या माणसाचं वल्हं खोटं बोलत नाही. लांब दांडेवाल्याचं पातं अर्धंच बुडालेलं दिसतं, कारण मूठ तेवढी वर उचलायची ताकद संपलेली असते. म्हणजे लांब वल्हं घेऊन तो प्रत्यक्षात आखूडच पोहोचत असतो.

तुमच्या उजव्या खांद्याबद्दल एक गोष्ट नीट बघा. सहा जणांच्या होडीत आपण १२ ते १६ स्ट्रोकनंतर 'हट' अशी हाक आली की बाजू बदलतो. डावीकडे वल्हवताना उजवा हात वर मुठीवर असतो, उजवीकडे वल्हवताना तोच हात खाली दांड्यावर. दुखतं केव्हा? डावीकडे वल्हवताना, हात वर जाऊन पुढे रेटतो तेव्हा कळ येत असेल, तर माझा पहिला संशय लांब दांड्यावर. डोक्याच्या वर गेलेला हात आतल्या बाजूला वळून दाब देतो तेव्हा खांद्याच्या हाडाखालची जागा आवळते, आणि हे एका तासात शेकडो वेळा होतं. उजवीकडे वल्हवताना, खालच्या हाताने ओढताना दुखत असेल तर पातं तुमच्यासाठी मोठं आहे, किंवा तुम्ही धड न वळवता नुसत्या हाताने ओढताय, किंवा दोन्ही. दुसऱ्या प्रकारात कितीही चांगलं वल्हं घेतलं तरी आधी धड वळवायला शिकावं लागेल. आणि रात्री झोपेत दुखत असेल, किंवा हात उचलताना ताकदच कमी वाटत असेल, तर वल्ह्याची खरेदी बाजूला ठेवून आधी फिजिओथेरपिस्टकडे जा.

लांबीनंतर पातं. आउटरिगरची पाती साधारण साडेआठ ते दहा इंच रुंद असतात. पाव इंचाचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तासाभराने तो हाताला स्पष्ट कळतो. मोठं पातं म्हणजे सायकलचा मोठा गिअर, सपाट रस्त्यावर धावताना मजेचा आणि चढावर जीव काढणारा. नवख्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की त्यांची होडी कायम चढावरच असते. सहा जणांची रेसिंग कनू जवळजवळ १८० किलोंची, वर सहा माणसं. लय जमलेली नसली की प्रत्येक स्ट्रोकमध्ये ती थोडी थांबते आणि पुढच्या स्ट्रोकला तिला पुन्हा ढकलावं लागतं. वेगात सरकणाऱ्या होडीत तेच पातं हलकं लागतं, कारण होडी आधीच पळत असते.

हवाईतली मोलोकाई होए ही शर्यत बघा. १९५२ मध्ये पहिल्यांदा झाली, मोलोकाई बेटापासून ओआहू बेटापर्यंत काइवी सामुद्रधुनी ओलांडायची, ४१ मैल, म्हणजे ६६ किलोमीटर. अव्वल संघ ती पाच तासांच्या आत पार करतात. ताशी १३ किलोमीटरच्या वर वेग, तोही खुल्या समुद्रात, आणि लाटेवरून होडी घसरवत. त्यांच्या हातातलं पातं त्या वेगासाठी असतं. तेच पातं आपल्या गुरुवार संध्याकाळच्या सरावाला घेऊन बसलं की काय होतं, ते माझ्या खांद्याला विचारा. शिवाय त्या संघांतही छोटी पाती वापरणारे खूप असतात, कारण मिनिटाला ६० च्या वर स्ट्रोकची लय तासन् तास धरायची असते.

सहाजणांच्या होडीत मोठ्या पात्याचा आणखी एक तोटा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा. तुम्हाला पुढच्या माणसाच्या लयीत राहायचंय. तुमचं पातं मोठं असलं की ओढ संपायला वेळ लागतो, बाहेर काढायला उशीर होतो, आणि उशीर झालेलं पातं कमरेच्या मागे पाणी वर उचलतं. होडी त्याने पुढे जात नाही, खाली दबते. एकटा ताकदवान पण उशिरा येणारा माणूस अख्ख्या होडीला ब्रेक लावतो. म्हणून पहिल्या वल्ह्यासाठी माझा कल नेहमी छोट्याकडे असतो. तुमच्या बांध्याला सव्वानऊ इंचांपेक्षा रुंद पातं मी सुचवणार नाही, नऊ असेल तर आणखी बरं. दोन वर्षांनी लहान वाटलं तर वाटू दे.

बाकाबद्दल लोक फार वाद घालतात, तेवढा तो मोठा विषय नाही. जुनी लाकडी वल्ही सरळ दांड्याची होती. मानेत वाकवलेलं वल्हं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटातल्या जीन जेन्सन यांनी लांब पल्ल्याच्या कनू शर्यतींसाठी रुळवलं, तिथून ते आउटरिगरमध्ये आलं. कल्पना साधी आहे. वल्हं मागे येताना दांडा कलतो, पण पातं आधीच १०-१२ अंश पुढे झुकलेलं असल्यामुळे ते ओढीच्या उत्तरार्धात उभं राहतं आणि पाणी वर उचलायच्याऐवजी मागे सारतं. हा एक बाक झाला. दोन बाकांच्या वल्ह्यात दांड्यालाही एक वळण असतं, त्याने खालच्या हाताचं मनगट जरा सरळ राहतं. मनगट किंवा कोपर दुखणाऱ्यांना ते आवडतं. पण हवेत पुढे नेताना ते हातात थोडं डुलतं, आणि ज्याचा पकडायचा, म्हणजे पातं पाण्यात रोवायचा, क्षण अजून पक्का नाही त्याला पातं नेमकं कुठे आहे हे कळायला वेळ लागतो. मी स्वतः एक बाक वापरते. पण दोन बाकांवर शिकून उत्तम वल्हवणारे माझ्यासमोर आहेत, तेव्हा इथे मी हट्ट धरणार नाही.

बाक आला की एक चूक हमखास येते, तीही सांगून टाकते. गेल्या मोसमात चौथ्या जागेवरचा एक मुलगा अर्धा तास कुरकुरत होता की नवीन वल्हं जड आहे, पाणी अंगावर उडतंय. मागे वळून पाहिलं तर पातं त्याच्याकडे झुकलेलं. चमचा धरतात तसं धरलं होतं त्याने. बघणाऱ्याला तेच बरोबर वाटतं, कारण चमच्याने आपण आपल्याकडेच ओढतो. वाकलेल्या वल्ह्याचं पातं होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तुमच्यापासून दूर झुकलेलं हवं. मधोमध उंचवटा असेल तर तो पुढच्या बाजूला, आणि सपाट किंवा किंचित खोलगट बाजू तुमच्याकडे. उधारीच्या वल्ह्यावर मी ओढायच्या बाजूला मार्करने एक ठिपका काढून देते.

आता तुमचा मूळ मुद्दा, वजन. लाकडी वल्हं साधारण ५०० ते ७०० ग्रॅम, लाकडी दांडा आणि कार्बनचं पातं असं मिश्र वल्हं त्याहून थोडं हलकं, पूर्ण कार्बनचं २५० ते ४०० ग्रॅम. मिनिटाला ६० स्ट्रोक म्हणजे तासाला ३,६०० वेळा वल्हं उचलायचं. २०० ग्रॅम वाचले तर तासाला ७२० किलो कमी उचलले. हा हिशोब विकणारा प्रत्येक जण सांगतो आणि तो खोटा नाही. त्यात एवढंच सांगायचं राहून जातं की पाण्यात पात्यावर येणारा भार किलोंत असतो, ग्रॅममध्ये नाही. दांडा तीन इंच लांब आणि पातं अर्धा इंच रुंद असेल, तर २०० ग्रॅमची बचत त्यापुढे काहीच नाही. शिवाय पूर्ण कार्बनचा कडक दांडा पकडीचा धक्का थेट कोपरात आणि खांद्यात पोहोचवतो. लाकूड थोडं लवतं, धक्का पितं. सगळी कार्बनची वल्ही सारखी कडक नसतात, काही मुद्दाम लवचीक केलेली असतात. दुखऱ्या खांद्याला त्यातलं लवचीक बघा.

म्हणून पहिलं वल्हं म्हणून माझी पसंती मिश्र वल्ह्याला. लाकडी दांडा हातात गरम राहतो, ओला झाला तरी फार निसटत नाही, आणि पातं कार्बनचं असल्यामुळे होडीच्या काठावर आपटून कडा लगेच फुटत नाही. नवखा माणूस काठावर आपटतोच, त्यात लाज काही नाही. पूर्ण लाकडीही वाईट नाही, फक्त कडेचं व्हार्निश उडालं की पाणी आत शिरतं आणि लाकूड फुगतं. तेव्हा मोसमातून एकदा घासून पुन्हा व्हार्निश द्यायची तयारी हवी. दांड्याची जाडीही बघा. लहान हाताला जाड दांडा मिळाला की माणूस तो आवळून धरतो, आणि आवळलेल्या मुठीचा ताण पार मानेपर्यंत चढतो. बोटं सैल ठेवून दांडा तळहातात विसावला पाहिजे.

तुम्ही सुकाणूवर, म्हणजे सहाव्या जागेवर बसणार असाल तर ते वल्हं वेगळंच. रुंद, दणकट, होडीच्या अंगाला दाबून धरता येईल असं. ते क्लबचं वापरा, स्वतःचं घेऊ नका. पुढेमागे एकट्याच्या होडीत जायचा विचार असेल तर तिथली बैठक पाण्याच्या जवळ असते, बरेच जण इंचभर आखूड वल्हं घेतात. ते तेव्हाचं तेव्हा. ड्रॅगन बोटचं (ती निराळ्या लांब होड्यांची संघशर्यत) वल्हं कुणी फुकट देत असलं तरी पहिलं म्हणून घेऊ नका. त्याच्या पात्याचं माप त्या खेळाच्या नियमाने बांधलेलं असतं आणि दांडा सरळ असतो.

खरेदीच्या आधी एक महिना एवढं करा. क्लबच्या वल्ह्यांपैकी चार निवडा. दांड्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर लांबी आणि पात्याची रुंदी लिहा. प्रत्येक वल्हं सलग दोन सराव वापरा आणि सराव संपल्यावर, कपडे बदलायच्या आत, फोनवर एक ओळ लिहा: कुठे दुखलं, लय सुटली का, शेवटी पातं पूर्ण बुडत होतं का. सरावाच्या आधीचं मत लिहू नका. महिन्याने त्या आठ ओळी वाचल्या की लांबी आणि रुंदी तुमची तुम्हालाच दिसेल.

राहिलं ते सहकाऱ्यांचं ५२ इंची वल्हं. तुमच्या मापापेक्षा ते तीन ते चार इंच लांब दिसतंय. सरळ दांड्याचं किंवा एका बाकाचं असतं तर मी म्हटलं असतं, मूठ काढून दांडा कापा. थोडं थोडं कापा, मूठ नुसत्या चिकटपट्टीवर बसवून दोन आठवडे वल्हवा आणि मगच चिकटवा, कारण कापलेला दांडा परत जोडता येत नाही. पण दोन बाकांच्या दांड्याचे वरून तीन-चार इंच गेले की वरचं वळण मुठीच्या फार जवळ येतं आणि ज्यासाठी तो बाक होता तेच बिघडतं. इंचभर कापणं चाललं असतं. त्यामुळे हे तुमच्यासाठी नाही, असं माझं मत.

दुसरं एखादं वापरलेलं वल्हं मिळालं, माप बसलं, तर विकत घेण्याआधी पात्यावर नखाने टोकापासून मानेपर्यंत टिचक्या मारत जा. आवाज एकसारखा टणक यायला हवा. मध्येच बोदा आला तर तिथे आतला थर सुटलाय. मानेजवळ केसाएवढी रेघ दिसली तरी सोडून द्या, वल्हं तिथेच मोडतं. मूठ पिळून बघा, हलायला नको. शेवटी वल्हं कानाशी धरून हलवा. आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला तर परत करा.